सवयीची तालीम : काळ्या अमेरिकेतील ख्रिस्ती शील आणि आपला प्रश्न

१

जातीविषयी आपण बोलतो ते बहुधा ग्रंथांच्या, कायद्याच्या आणि अत्याचारांच्या भाषेत. ते आवश्यकच आहे. परंतु जात रोज जगते ती सवयीत. कोणाला कोणत्या भांड्यातून पाणी द्यायचे, कोणाच्या दारात वहाणा किती लांब काढायच्या, कोणाला ‘अहो’ म्हणायचे आणि कोणाला ‘ए’, वर्गात कोणत्या बाकावर बसायचे, हे रोज सकाळी उठून कोणी ठरवीत नाही. ते अंगात मुरलेले असते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली जातिसंस्थेच्या निर्मूलनावर लिहिताना जातीचा शोध माणसाच्या मनात आणि धर्माने पवित्र ठरविलेल्या समजुतींत घ्यायला सांगितले. मनातली समजूत आणि अंगातली सवय या एकमेकींच्या आधाराने जगतात. एकीला हात घातला आणि दुसरी तशीच ठेवली, तर पहिली पुन्हा उगवते.

मग प्रश्न असा की, अन्याय जर सवयीच्या बळावर टिकत असेल, तर न्यायालाही सवय लागत नाही काय? आपल्या चळवळीत ‘शील’ हा शब्द फार मोठा आहे. तो भाषणांत येतो, विहाराच्या भिंतीवर येतो, लग्नपत्रिकेवरही येतो. पण शील रोज घडते कसे, कोणासोबत घडते, आणि ते घडविण्याचा हक्क कोणाचा, याची चर्चा आपण कमी करतो.

माझ्या घरात पदवी घेणारा मी पहिला. माझे आजोबा गावच्या चावडीपुढून जाताना वहाणा हातात घेत. अस्पृश्यता कायद्याने संपून कितीतरी वर्षे झाली होती. त्यांच्या पायांना ते कोणी सांगितले नव्हते. आईने मला शाळेत पाठविताना तीन गोष्टी शिकविल्या : कपडे स्वच्छ ठेव, आवाज खाली ठेव, कोणी काही बोलले तर ऐकून घे. यांतली पहिली गोष्ट स्वाभिमानाची होती आणि उरलेल्या दोन भीतीच्या. पण घरात तिन्हींना एकच नाव होते, ‘वळण’. मुलाला चांगले वळण लागले, असे शेजारी म्हणत. गुलामाची सवय आणि माणसाची सवय एकाच नावाखाली एकाच घरात कशी नांदते, हे त्या वळणात मला दिसते.

हा गुंता मी येथे ख्रिस्ती परंपरेच्या एका धाग्यावरून तपासणार आहे. सद्गुण रोजच्या आचरणाने घडवावे लागतात हा विचार ख्रिस्ती जीवनात फार खोलवर रुजलेला आहे. अमेरिकेत एकाच पंथाचे मालक आणि गुलाम एकाच देवाला सकाळ-संध्याकाळ प्रार्थना करीत होते, त्यामुळे एकाच सवयीचे दोन परिणाम तेथे शेजारी शेजारी पाहता येतात. शिवाय हा धागा पुढे आपल्या नागपुरातून जातो.

२

तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस याने ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलचा नीतिविचार ख्रिस्ती धर्मशास्त्रात आणला. त्याचा गाभा सोपा आहे. चाकावर बसल्याशिवाय कोणी कुंभार होत नाही. तसेच न्यायाची कृती पुन्हा पुन्हा केल्याशिवाय माणूस न्यायी होत नाही. श्रद्धा, आशा, प्रेम हे गुण देवाच्या कृपेने मिळतात असे अक्वायनस मानतो. पण धैर्य, संयम, न्याय हे गुण कृतीच्या आवर्तनाने अंगात मुरतात.

अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉन वेस्ली याने या विचाराला सामान्य माणसाच्या आठवड्यात जागा करून दिली. ऑक्सफर्डला असताना तो आणि त्याचे सोबती इतके नियमाने जगत की लोक त्यांना थट्टेने ‘मेथडिस्ट’, म्हणजे पद्धतवाले म्हणू लागले. थट्टेचे नाव पुढे पंथाचे नाव झाले. १७४३ साली वेस्लीने आपल्या मंडळ्यांसाठी तीन सर्वसाधारण नियम घालून दिले : कोणाला इजा करू नका, जमेल तितके भले करा, आणि प्रार्थना, शास्त्रवाचन, उपवास ही उपासनेची साधने सोडू नका. नियम कागदावर राहू नयेत म्हणून दहा-बारा माणसांचे गट केले. गट आठवड्याला एकदा जमे, त्याला एक प्रमुख असे, आणि प्रत्येकाने आपल्या आठवड्याचा हिशेब सर्वांसमोर द्यायचा असे. किंग्जवूडच्या कोळसा-खाणीतले मजूर या गटांत आले. ज्यांना चर्चच्या पहिल्या रांगेत कधी जागा नव्हती त्यांना बोलायला, वाचायला आणि हिशेब ठेवायला येथे मिळाले.

वेस्ली गुलामगिरीच्या विरोधात होता. १७७४ साली त्याने तिच्याविरुद्ध पुस्तिका लिहिली, आणि १७९१ साली मरणाच्या थोडे दिवस आधी विल्बरफोर्स याला पत्र लिहून लढा न सोडण्याचे बळ दिले. अमेरिकेतल्या मेथडिस्टांनीही १७८४ साली बाल्टिमोरच्या परिषदेत ठरविले की सभासदांनी आपले गुलाम मुक्त करावेत. पण मळेवाल्यांचा विरोध होताच वर्ष पुरे होण्याआधी तो नियम स्थगित झाला. प्रार्थनेचा नियम राहिला, उपवासाचा नियम राहिला, गुलाम सोडण्याचा नियम तेवढा गेला. पुढे १८४४ साली याच प्रश्नावर पंथाचे उत्तर आणि दक्षिण असे दोन तुकडे झाले.

त्या राहिलेल्या नियमांचे काय झाले याचा साक्षीदार फ्रेडरिक डग्लस आहे. डग्लस मेरीलँडमध्ये गुलाम होते. १८३२ च्या ऑगस्टमध्ये त्यांचा मालक थॉमस ऑल्ड मेथडिस्टांच्या उघड्यावरच्या प्रार्थना-मेळाव्याला गेला आणि तेथे त्याचे मन पालटले असे जाहीर झाले. डग्लस यांना वाटले, आता हा गुलामांना सोडील, निदान दयाळू तरी होईल. घडले उलटे. १८४५ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात ते सांगतात की, मालकाच्या घरी सकाळ-संध्याकाळ प्रार्थना होऊ लागली, उपदेशकांचा राबता वाढला, आणि क्रौर्यही वाढले. एका अपंग तरुण गुलाम बाईला बांधून चाबकाने मारताना तो बायबलमधले वचन म्हणत असे. डग्लस यांनी इतर गुलामांसाठी रविवारची वाचनशाळा सुरू करण्यात भाग घेतला, तेव्हा ती मोडायला काठ्या घेऊन जी माणसे आली त्यांत मेथडिस्ट गटांचे प्रमुख होते. खाणमजुरांना ज्या पदाने बोलते केले, त्याच पदावरची माणसे येथे गुलामांची अक्षरे पुसायला आली.

यावर ‘ते खरे ख्रिस्ती नव्हते’ असे म्हणून मोकळे होता येते. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याला ते परवडत नाही. ऑल्डची प्रार्थना त्याच्या दृष्टीने खरीही असेल. त्याने सवय लावून घेतली, ती टिकविली. फक्त सवयीच्या हिशेबात गुलाम हे खाते नव्हते. रोज आत्मपरीक्षण करणारा माणूस आपण काय खोटे बोललो, किती खाल्ले, कोणावर रागावलो, हे तपासतो; आपण कोणाच्या पाठीवर उभे आहोत हे तो तपासीलच असे नाही. आपल्याकडचा सोवळे पाळणारा, पहाटे उठणारा, मुंगीला साखर घालणारा सज्जन याहून वेगळा नव्हता.

गुलामांसाठी तर वेगळे शील तयार केले गेले. जॉर्जियातला प्रेसबिटेरियन उपदेशक चार्ल्स कॉलकॉक जोन्स याने १८३७ साली गुलामांना तोंडी शिकविण्यासाठी प्रश्नोत्तरांची एक पुस्तिका काढली. तोंडी, कारण त्यांना वाचायला शिकविणे धोक्याचे होते. त्यात मालकाची आज्ञा पाळणे हे ख्रिस्ती कर्तव्य होते. याच जोन्सने नोंदवून ठेवलेला एक प्रसंग आहे. १८३३ च्या सुमारास तो पौलाच्या फिलेमोनला लिहिलेल्या पत्रावर गुलामांपुढे बोलत होता. पळून जाणे हे पाप आहे असे त्याने सांगताच अर्धे श्रोते उठून चालते झाले, आणि जे थांबले तेही नाराज होते. वाचता न येणाऱ्या माणसांनी उपदेशातला सद्गुण आणि उपदेशकाचा स्वार्थ वेगळा करून दाखविला.

३

उठून गेलेल्या या माणसांनी प्रार्थना सोडली नाही. त्यांनी तिची जागा बदलली. फिलाडेल्फियात रिचर्ड ॲलन आणि त्यांचे सोबती मेथडिस्ट चर्चमध्ये गुडघे टेकून प्रार्थना करीत असताना त्यांच्यातल्या काहींना ओढून उठविण्यात आले, कारण ती जागा गोऱ्यांची होती. ते सगळे बाहेर पडले. ॲलन स्वतः गुलाम म्हणून जन्मले होते आणि कष्ट करून त्यांनी आपले स्वातंत्र्य विकत घेतले होते. त्यांनी १७९४ साली काळ्यांचे बेथेल चर्च उभे केले आणि १८१६ साली आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल हा स्वतंत्र पंथ स्थापन झाला. नियम वेस्लीचेच होते. पण आता गटाचा प्रमुख काळा होता, पैशाचा हिशेब काळ्यांच्या हातात होता, आणि आठवड्याचा झाडा देताना मालकाला भिण्याचे कारण नव्हते. दक्षिणेतल्या मळ्यांवर गुलाम रात्री रानात, ओढ्याकाठी चोरून प्रार्थनेला जमत. पकडले गेले तर पाठ सोलून निघे. अशा ठिकाणी रोजची प्रार्थना म्हणजे रोजची कायदेभंगाची सवय होती.

हॉवर्ड थर्मन या काळ्या धर्मचिंतकाने आपल्या आजीची गोष्ट लिहून ठेवली आहे. आजी गुलामगिरीत वाढलेली, निरक्षर. नातू तिला बायबल वाचून दाखवी, पण पौलाची पत्रे ती वाचू देत नसे. कारण मालकाचा उपदेशक नेमका त्यातूनच आज्ञापालनाचा पाठ देई. मुक्त झाले तर तो भाग पुन्हा ऐकायचा नाही, असे तिने ठरविले होते. पवित्र ग्रंथातले काय घ्यायचे आणि काय टाकायचे हे तिने स्वतः ठरविले. मनुस्मृती जाळणाऱ्या समाजाला हा विवेक परका वाटू नये.

थर्मन १९३५-३६ मध्ये काळ्या अमेरिकनांच्या एका लहान मंडळाबरोबर हिंदुस्थानात आले होते. १९३६ च्या फेब्रुवारीत ते बारडोलीला गांधींना भेटले. पुढे १९४९ च्या ‘जीझस अँड द डिसइनहेरिटेड’ या पुस्तकात त्यांनी येशूला पुन्हा त्याच्या जागी नेले : रोमन सत्तेखाली दबलेल्या लोकांतला एक गरीब यहुदी. भीती, कपट आणि द्वेष हे तिन्ही दबलेल्या माणसाच्या पाठीमागे लागतात आणि आतून त्याला पोखरतात. त्यांच्याशी रोज झुंजावे लागते, असे थर्मन यांचे म्हणणे. येथे सद्गुणाचा अर्थ बदलला. दुबळ्याने सबळाची मर्जी राखण्यासाठी पाळायचे वळण मागे पडले. आपल्या आतली भीती आपल्यावर राज्य करू नये म्हणून करायची मेहनत, असा तो अर्थ झाला.

४

आता नागपूरकडे वळू. जेम्स लॉसन यांचा जन्म १९२८ चा. मेथडिस्ट उपदेशकाचा मुलगा, ओहायोतल्या मॅसिलॉन गावी वाढलेला. लहानपणी एका गोऱ्या पोराने वर्णावरून शिवी दिली म्हणून त्यांनी त्याच्या थोबाडीत मारली आणि घरी येऊन आईला सांगितले. आईने रागे न भरता विचारले, त्याने काय साधले? यापेक्षा चांगला मार्ग असला पाहिजे. हा प्रसंग लॉसन आयुष्यभर सांगत राहिले. १९५१ साली कोरियाच्या युद्धासाठी सक्तीच्या सैन्यभरतीला त्यांनी नकार दिला आणि वर्षाहून अधिक काळ तुरुंगात काढला. सवलत मागून सुटण्याची वाट त्यांना मोकळी होती. ती त्यांनी घेतली नाही.

१९५३ ते १९५६ या काळात मेथडिस्ट मिशनतर्फे ते नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात होते. १८८३ साली स्कॉटिश मिशनऱ्यांनी काढलेले हे कॉलेज. तेथे ते विद्यार्थ्यांमध्ये काम करीत, खेळ शिकवीत, आणि गांधींच्या सत्याग्रहाचा अभ्यास करीत. १९५५ च्या डिसेंबरात ‘नागपूर टाइम्स’ मध्ये त्यांनी मॉन्टगोमेरीच्या बस-बहिष्काराची बातमी वाचली आणि मार्टिन ल्यूथर किंग हे नाव पाहिले. १९५६ मध्ये ते अमेरिकेला परतले. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरातच बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली. एकाच शहरात, तीन वर्षांच्या आत, रोजच्या आचरणातून माणूस बदलण्याचे दोन मोठे विचार आकार घेत होते. एक ख्रिस्ती चौकटीत, एक बौद्ध. दोन्हींचा शत्रू एकच होता, जन्मावरून माणसाची किंमत ठरविणारी व्यवस्था.

येथे आपल्या वाचकाची शंका मला ऐकू येते. गांधींचा सत्याग्रह आणि आपण? १९३२ च्या पुणे करारापासूनचा आपला राग निराधार नाही. ज्या उपवासाचे दडपण अस्पृश्यांवर आले त्याला आत्मक्लेश म्हणणे आपल्याला मान्य नाही. परंतु लॉसन यांनी जे तंत्र नेले, त्याचा वापर कोणी केला ते पाहावे. ज्यांच्यावर अन्याय होत होता त्यांनीच ठरविले, तेच बसले, त्यांनीच मार खाल्ला आणि कधी थांबायचे हेही त्यांनीच ठरविले. असा प्रयोग आपल्याकडे आधी झालेला आहे. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याल्यावर सवर्णांनी परतणाऱ्या लोकांवर हल्ला केला. उलट मारण्याची ताकद आणि इच्छा असलेली माणसे त्या दिवशी महाडात होती. बाबासाहेबांनी त्यांना आवरले आणि ती आवरली. त्या संयमाला दुबळेपणा म्हणण्याची आपली तयारी नाही. मग नॅशव्हिलच्या संयमालाही घाईने म्हणू नये.

५

१९५७ च्या फेब्रुवारीत ओहायोतल्या ओबर्लिन येथे किंग आणि लॉसन यांची भेट झाली. किंग म्हणाले की थांबू नका, आताच दक्षिणेत या. १९५८ मध्ये लॉसन टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलला आले, व्हँडरबिल्ट विद्यापीठात धर्मशास्त्र शिकू लागले आणि त्यांनी प्रशिक्षण-वर्ग सुरू केले. १९५९ च्या शरद ऋतूत क्लार्क मेमोरियल मेथडिस्ट चर्चच्या तळघरात मंगळवारी संध्याकाळी विद्यार्थी जमू लागले. जॉन लुईस हा अलाबामातल्या शेतकऱ्याचा मुलगा, फी नसलेल्या धर्मविद्यालयात भांडी घासून शिकणारा. डायेन नॅश ही शिकागोहून फिस्क विद्यापीठात आलेली. दक्षिणेत पाऊल ठेवेपर्यंत तिने असा उघड रंगभेद पाहिला नव्हता. तिला या पद्धतीबद्दल शंका होती आणि भीतीही वाटत होती. तीच पुढे या तुकडीची नेता झाली.

वर्गात काय चाले, याचे तपशील महत्त्वाचे आहेत. येशूचे डोंगरावरील प्रवचन, गांधींचे सत्याग्रह, थर्मन आणि इतर चिंतक यांवर वाचन व चर्चा होई. प्रार्थना होई, गाणे होई. आणि मग तालीम. खुर्च्या ओळीने मांडून उपाहारगृहाचा देखावा करायचा. काही जणांनी गिऱ्हाईक म्हणून बसायचे, काही जणांनी गोरे गुंड व्हायचे. गुंडांनी शिव्या द्यायच्या, तोंडावर सिगारेटचा धूर सोडायचा, खुर्चीवरून ढकलून पाडायचे. बसणाऱ्याने पुन्हा उठून खुर्चीवर बसायचे. डोके आणि पोट कसे वाचवायचे, सोबत्यावर मार पडत असेल तर आपले अंग मध्ये कसे घालायचे, मारणाऱ्याच्या डोळ्यांत कसे पाहायचे, हे पुन्हा पुन्हा करून पाहायचे. मग भूमिका बदलायच्या. गुंड झालेल्याला आपल्या तोंडून निघालेल्या शिव्यांनी काय वाटले, हेही विचारले जाई.

‘शत्रूवर प्रेम करा’ हे वाक्य चर्चमध्ये शेकडो वर्षे वाचले जात होते. या तळघरात त्याची पाठ, मान, हात आणि डोळे यांची कृती झाली. कुस्तीगीर जसा डाव अंगात बसेपर्यंत तालमीत घाम गाळतो, तसा या पोरांनी संयम अंगात बसविला. आयत्या वेळी संयम सुचत नाही. सुचतो तो राग किंवा पळ. अंगात जे बसलेले असेल तेच आयत्या वेळी बाहेर येते. आणि ही मेहनत एकट्याने करण्याची नव्हती. वेस्लीच्या दहा-बारा जणांच्या गटासारखी इथेही माणसे एकमेकांना धरून होती. निर्णय सर्वांच्या चर्चेने होत आणि म्होरकेपण फिरते ठेवले जाई.

१ फेब्रुवारी १९६० ला ग्रीन्सबरो येथे चार विद्यार्थी उपाहारगृहात बसले. १३ फेब्रुवारीला नॅशव्हिलचे सव्वाशेच्या आसपास विद्यार्थी तीन दुकानांत गेले, माल विकत घेतला आणि जेवणाच्या टेबलाशी बसले. त्यांना कोणी वाढले नाही. ते पुस्तके उघडून अभ्यास करीत बसले. त्यांच्यासाठी लुईस व बर्नार्ड लाफाएट यांनी नियमांचा कागद तयार केला होता. उलट मारू नका, शिवी देऊ नका, ताठ बसा, मोठ्याने हसू नका, येशू, गांधी आणि किंग यांची शिकवण ध्यानात ठेवा, अशा अर्थाच्या साध्या सूचना त्यात होत्या. २७ फेब्रुवारीला गुंडांनी हल्ला केला. पोलिसांनी मारणाऱ्यांना सोडले आणि मार खाणाऱ्या ऐंशीच्या आसपास विद्यार्थ्यांना पकडले. एक तुकडी उचलून नेली की रिकाम्या खुर्च्यांवर दुसरी येऊन बसे. न्यायालयाने दंड केला, तो भरायला त्यांनी नकार दिला आणि तुरुंग पत्करला. मार्चमध्ये व्हँडरबिल्ट विद्यापीठाने लॉसन यांना काढून टाकले.

त्याच वेळी शहरातल्या काळ्या कुटुंबांनी मोठ्या दुकानांवर बहिष्कार टाकला. ईस्टरच्या सणाला नवे कपडे घ्यायची रीत. त्या वर्षी जुन्याच कपड्यांत लोक चर्चला गेले. सद्गुण बाजारात उतरला तेव्हा दुकानदारांना त्याचा अर्थ समजला. १९ एप्रिलला विद्यार्थ्यांचे वकील झेड. अलेक्झांडर लूबी यांच्या घरावर बॉम्ब टाकण्यात आला. त्याच दिवशी हजारो माणसे एक शब्द न बोलता नगरसभागृहापर्यंत चालत गेली. तेथे डायेन नॅशने महापौर बेन वेस्ट यांना सरळ विचारले, वर्णावरून माणसाला वगळणे योग्य आहे काय? महापौरांना योग्य नाही असे मान्य करावे लागले. १० मे १९६० ला शहरातल्या सहा उपाहारगृहांची टेबले काळ्यांना खुली झाली.

ही सवय पुढे पसरत गेली. १९६१ मध्ये अलाबामात फ्रीडम रायडर्सच्या बसेस जाळल्या-फोडल्या गेल्या आणि तो प्रवास थांबण्याची वेळ आली, तेव्हा नॅशव्हिलची पोरे मृत्युपत्रे लिहून पुढच्या बसमध्ये चढली. १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या स्वयंसेवकांना दहा कलमांच्या प्रतिज्ञापत्रावर सही करावी लागे. येशूच्या जीवनाचे रोज मनन, रोज प्रार्थना, मित्राशी व शत्रूशी सभ्य वागणूक, हाताची, जिभेची आणि मनाची हिंसा टाळणे, शरीर व मन निरोगी ठेवणे, ही त्यांतली काही. मोर्चात येण्याआधी माणसाने आपला दिवस कसा घालवावा, हे या कागदाने सांगितले.

६

या मार्गावर टीका झाली आणि ती काळ्यांमधूनच झाली. माल्कम एक्स यांनी विचारले की मारणाऱ्यावर प्रेम करायला फक्त काळ्यांनाच का शिकविता? १९६६ मध्ये विद्यार्थ्यांच्या संघटनेने जॉन लुईस यांना अध्यक्षपदावरून दूर करून स्टोकली कारमायकेल यांना निवडले आणि ‘ब्लॅक पॉवर’ची घोषणा आली. त्याच वर्षी ओकलंडमध्ये ब्लॅक पँथर पक्ष निघाला, ज्याच्या नावावरून १९७२ साली मुंबईत दलित पँथरने आपले नाव घेतले. माल्कम यांचा प्रश्न खरा आहे. नॅशव्हिलच्या तळघरात जे प्रशिक्षण झाले ते गोऱ्यांच्या वस्तीत व्हायला हवे होते. मारण्याची सवय ज्यांना होती, त्यांचे चर्च त्यांना ती सोडण्याची तालीम देत नव्हते.

पण पँथरांचा इतिहासही आपण बंदुकीपुरता वाचतो. जानेवारी १९६९ पासून त्यांनी ओकलंडच्या सेंट ऑगस्टिन चर्चमध्ये शाळकरी मुलांना रोज सकाळी फुकट न्याहरी देणे सुरू केले. पहाटे उठायचे, चूल पेटवायची, शंभर पोरांना वाढायचे आणि वेळेवर शाळेत धाडायचे. ही सवयच होती. मार्ग वेगळे झाले तरी, रोजच्या शिस्तीशिवाय विद्रोह टिकत नाही हे दोघांनाही कळले होते.

आणि लॉसन कुठे गेले? मेम्फिस शहरात ते मेथडिस्ट पाळक झाले. १ फेब्रुवारी १९६८ ला तेथे कचऱ्याच्या गाडीच्या यंत्रात सापडून एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन काळे सफाई कामगार चिरडून मेले. तेराशे सफाई कामगार संपावर गेले. ‘मी माणूस आहे’ एवढेच लिहिलेले फलक गळ्यात घालून ते रोज मोर्चा काढीत. संपाच्या व्यूहरचना समितीचे अध्यक्ष लॉसन होते. किंग यांना त्यांनीच बोलाविले. ४ एप्रिलला तेथे किंग यांचा खून झाला. १६ एप्रिलला नगरपालिकेने संघटनेला मान्यता दिली आणि संप मिटला. गटारात उतरून आजही आपली माणसे मरतात. प्रार्थनेची सवय शेवटी सफाई कामगाराच्या युनियनपर्यंत पोचली, ही गोष्ट आपल्याला कोणत्याही धर्मचर्चेपेक्षा जास्त सांगते. लॉसन २०२४ च्या जूनमध्ये, ९५ व्या वर्षी वारले. अखेरपर्यंत ते प्रशिक्षणाचे वर्ग घेत होते.

७

या इतिहासावरून सवय पारखण्याच्या तीन कसोट्या मला दिसतात. पहिली, ती कोणी घालून दिली? जोन्सची पुस्तिका मालकाने घालून दिली होती, नॅशव्हिलचे नियम विद्यार्थ्यांनी स्वतः लिहिले. दुसरी, तिचा हिशेब कोणापुढे द्यायचा? ऑल्डने तो आपल्यासारख्यांपुढेच दिला, म्हणून त्याचा चाबूक त्या हिशेबात आला नाही. तिसरी, तिने कोणाची भीती कमी होते? ज्या शीलाने सोसणाऱ्याची भीती वाढते आणि मारणाऱ्याची झोप सुधारते, ते शील नव्हे. ती चाकरी आहे.

या कसोट्यांवर आपला वारसा घासून पाहावा. २७ डिसेंबर १९२७ ला महाडात बाबासाहेब स्त्रियांशी बोलले. लुगडे कसे नेसावे, गळ्या-हातातले जड कथलाचे दागिने का टाकावेत, मेलेल्या जनावराचे मांस घरात का येऊ देऊ नये, मुलींना शाळेत का घालावे, हे त्यांनी सांगितले. जमलेल्या बायकांनी लगेच नेसण्याची पद्धत बदलली. बाहेरून पाहणाऱ्याला हे पोशाखाचे काम वाटेल. पण तो अंगावरचा जातीचा शिक्का हातांनी रोज सकाळी पुसण्याचा कार्यक्रम होता. १९५६ च्या बावीस प्रतिज्ञांतही निम्म्याहून अधिक गोष्टी रोजच्या आहेत : काय पुजणार नाही, खोटे बोलणार नाही, चोरी करणार नाही, दारू पिणार नाही, अष्टांगिक मार्ग व पारमिता पाळीन. प्रत्येकाने मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मकार्याला द्यावा असेही बाबासाहेबांनी नागपुरात सांगितले. त्या प्रतिज्ञा कॅलेंडरवर छापण्यासाठी दिलेल्या नव्हत्या.

माझ्या वर्गात पहिल्या पिढीची मुले येतात. ती हुशार आहेत, चिडलेली आहेत, आणि एकटी आहेत. मुलाखतीत आडनावावरून टोमणा आला, वसतिगृहात राखीव जागेवरून कोणी हिणवले, तर ती एकतर गप्प होतात किंवा भडकतात. दोन्हींची किंमत त्यांनाच मोजावी लागते. या प्रसंगांची तालीम आपण कोठे करून घेतो? जयंतीच्या मिरवणुकीची तयारी महिनाभर चालते. अपमानाला उत्तर देण्याची तयारी एक संध्याकाळही चालत नाही. आठवड्याला एकदा दहा-बारा जणांनी विहारात, वाचनालयात किंवा कोणाच्या खोलीवर बसावे. एक प्रकरण वाचावे, आठवड्याचा हिशेब एकमेकांना द्यावा, काय बोललो आणि काय बोलायला हवे होते हे करून पाहावे. कायद्याचे कलम, तक्रारीचा अर्ज, साक्षीदार आणि स्वतःचा आवाज, हे सारे सरावाने येते.

याला देव लागतो असे मला वाटत नाही. लॉसन यांना तो लागला, आपल्याला बाबासाहेबांनी बुद्धाचा मार्ग दाखविला. पण दोघांनीही एक गोष्ट सारखीच जाणली होती. हजारो वर्षे रोज थोडी थोडी लावलेली सवय एका घोषणेने जात नाही. ती घालवायची तर तितक्याच चिकाटीने, रोज, आणि सर्वांनी मिळून दुसरी सवय लावावी लागते.